कुऱ्हाड तोडते, पाचर फोडते

घरात गॅस आला, तरी मेहकर परिसरातल्या खेड्यांत आंघोळीचे पाणी तापवायला आणि लग्नकार्यातल्या स्वयंपाकाला अजून सरपण लागते. पऱ्हाट्या, तुराट्या हातानेही मोडता येतात. बाभळीचा ओंडका आला, की मात्र कुऱ्हाड काढावी लागते. हे काम जवळून पाहिले, तर एक कोडे पडते. फांदी तोडताना झपाझप चालणारी धारदार कुऱ्हाड उभ्या ओंडक्यात रुतून बसते. मग चिरेत लोखंडी पाचर ठेवून घणाचे घाव घालतात, आणि ओंडका दुभंगतो. पाचर तर कुऱ्हाडीपेक्षा जाड आणि बोथट! पाठ्यपुस्तक सांगते, की पाचर जितकी निमुळती, तितका यांत्रिक फायदा जास्त. मग चूक कोणाची?

आधी लाकडाची रचना पाहू. लाकूड म्हणजे खोडाच्या लांबीला समांतर असलेल्या तंतूंची जुडी. तंतू आडवा तोडणे कठीण, पण शेजारचे दोन तंतू एकमेकांपासून अलग करणे त्या मानाने सोपे. फांदी तोडताना आपण तंतू कापतो. तेथे पातळ, तीक्ष्ण धार हवी. ओंडका फोडताना तंतू कापायचे नसून दूर सारायचे असतात. बुरूड बांबू चिरतो तेव्हा हे स्पष्ट दिसते. कोयता एकदा आत शिरला, की चीर पात्याच्या पुढे पळते. धार तिच्या टोकाला टेकतही नाही.

आता हिशेब करू. पाचरीचा अर्धा कोन 'अ' मानला, तर

बाजूचे बल = वरचे बल ÷ २ (साइन अ + घर्षण गुणांक × कोसाइन अ)

दोन पाचरी घेऊ : एकीचा पूर्ण कोन २० अंश, दुसरीचा ४० अंश. घर्षण शून्य धरले, तर पहिलीचे बाजूचे बल वरच्या बलाच्या २.९ पट आणि दुसरीचे १.५ पट येते. म्हणजे पुस्तक बरोबर आहे. पण लोखंड आणि लाकूड यांच्यातला घर्षण गुणांक ०.४ धरला, तर हेच आकडे ०.८८ आणि ०.७० होतात! निमुळत्या पाचरीचा जवळजवळ दुपटीचा फायदा घर्षणाने खाऊन टाकला. उलट दोन्ही पाचरी ५ सें.मी. आत गेल्या, तर पहिली लाकूड सुमारे १.८ सें.मी. रुंद उघडते, दुसरी ३.६ सें.मी. चीर पुढे पळायला हे रुंदावणेच कामी येते. शिवाय अर्ध्या कोनाचा टॅन घर्षण गुणांकापेक्षा जितका कमी, तितकी पाचर घट्ट अडकते. निमुळतीसाठी तो ०.१८, जाडीसाठी ०.३६. म्हणून जाड पाचर लवकर सुटते.

थंड हवेच्या देशांत घर उबदार ठेवायला ढीगभर लाकूड फोडावे लागते. तेथे पाचर आणि घण एकाच दांड्यावर बसवलेले अवजार वापरतात : एका बाजूला जाड पाचर, दुसऱ्या बाजूला बोथट डोके. इंग्रजीत त्याला मॉल म्हणतात. ते जड असते म्हणून चालते, असा समज आहे. पण समजा, १.५ किलोची कुऱ्हाड सेकंदाला १२ मीटर वेगाने आली, तर तिची गतिज ऊर्जा १०८ ज्यूल; ३ किलोचा मॉल जडपणामुळे ९ मीटर वेगानेच आला, तर १२१.५ ज्यूल. वजन दुप्पट, ऊर्जा मात्र आठव्या हिश्शानेच जास्त. आणि ते ३ किलो दर घावाला उचलायचे असतात! म्हणून गाठी नसलेल्या, सरळ तंतूंच्या लहान ओंडक्याला साधी कुऱ्हाड पुरते. जाड, चिवट बुंध्याला पाचर हवी.

एक खबरदारी विद्यार्थ्यांना जरूर सांगावी. कुऱ्हाडीच्या पाठीने लोखंडी पाचर ठोकू नये. कुऱ्हाडीचे नेढे फाकते, दांडा ढिला होतो, कधी पोलादाची कपची उडून डोळ्यात जाते. त्या कामाला घणच हवा.

एवढा खटाटोप का करायचा? २० सें.मी. व्यासाचा, ४० सें.मी. लांबीचा ओंडका घ्या. त्याचे पृष्ठफळ सुमारे ३,१४० चौ. सें.मी. उभ्या चार फाका केल्या, की त्यात ३,२०० चौ. सें.मी.ची भर पडते. पृष्ठफळ दुप्पट झाले, आणि नवा भाग सगळा सालीविना उघडा. लाकूड लवकर वाळते, लवकर पेटते. ओल्या लाकडात चुलीची उष्णता पाण्याची वाफ करण्यातच जाते आणि चुलीपुढे बसलेल्या बाईच्या वाट्याला धूर येतो.

वर्गात हे दाखवायला एक गाजर पुरे. आधी पातळ पात्याच्या, मग जाड पात्याच्या सुरीने ते शिक्षकांनीच कापावे. पातळ सुरी शेवटपर्यंत कापत जाते. जाड सुरी अर्ध्यावर असतानाच 'कट्' असा आवाज होतो आणि गाजर दुभंगते. धार अजून खालपर्यंत पोचलेली नसताना उरलेले गाजर कोणी कापले, हा प्रश्न मुलांना विचारावा, आणि उत्तर सांगण्याची घाई करू नये.