गाडीचा बोल्ट तुटला? आधी पाना खाली ठेवा

'कट्' असा आवाज आला आणि पाना एकदम हलका झाला. क्षणभर वाटलं, सुटला एकदाचा! पण हातात आलं होतं ते फक्त बोल्टचं डोकं.

आमचं घर रत्नागिरीत, समुद्रापासून जवळच. गाडी बारा वर्षांची. इंजिन गरम होत होतं म्हणून मी घरीच थर्मोस्टॅट बदलायला घेतला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे आईला कोल्हापूरला डॉक्टरांकडे न्यायचं होतं, त्यामुळे घाई होतीच. थर्मोस्टॅटच्या अ‍ॅल्युमिनियमच्या झाकणाला सहा मिलिमीटरचे दोन बोल्ट होते. पहिला आरामात निघाला. दुसरा हलेना, तेव्हा मी पान्यावर अर्धा मीटर लांबीचा पाइप चढवला. पुढचं तुम्हाला कळलंच.

बोल्ट तुटतो का?

सहा मिलिमीटरचा साधा बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटर टॉर्कने घट्ट करतात. अर्धा मीटरच्या पाइपवर हा टॉर्क द्यायला टोकाला फक्त दोन किलोचा भार पुरतो. मी तर दोन्ही हातांनी ओढत होतो! बोल्टची चूक नव्हतीच.

पण तो अडकला कशामुळे? स्टीलचा बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन, त्यात खारी हवा आणि ओल. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले, की त्यातलं अ‍ॅल्युमिनियम आधी झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी तयार होते. ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, त्यामुळे आट्यांमध्ये ती पाचर मारल्यासारखी बसते.

इथे एक दिलासा आहे. डोकं तुटलं की बोल्टमधला ताण निघून जातो. मग उरलेल्या तुकड्याला धरून ठेवतो तो फक्त गंज. आणि गंजावर ताकदीपेक्षा तेल, उष्णता आणि वेळ यांचा उपाय चांगला चालतो.

बोल्ट बाहेर दिसत असेल तर

माझं नशीब बरं होतं. लाकडी हातोडीने हळूहळू ठोकून झाकण काढलं, तर बोल्टचा जवळपास एक सेंटिमीटर तुकडा बाहेर होता. लगेच ग्रिप प्लायर लावला, तो घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. बोल्ट गोल गुळगुळीत व्हायला लागला, तेव्हा थांबलो. खरं तर पहिल्याच वेळी थांबायला हवं होतं.

योग्य क्रम असा:

१. तारेच्या ब्रशने आटे साफ करा आणि मुळाशी पेनिट्रेटिंग ऑइल मारा. शक्य असेल तर रात्रभर ठेवा, मधूनमधून पुन्हा मारा.

२. बोल्टच्या टोकावर हातोडीचे हलके टोले द्या. हादऱ्याने गंजाला तडे जातात आणि तेल आत उतरतं.

३. तेल पुसून घ्या आणि बोल्टभोवतीचा भाग हीट गनने तापवा. सारख्याच तापमानवाढीला अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे पकड सैल होते. तेल किंवा पेट्रोलच्या पाइपजवळ उघडी ज्योत मात्र अजिबात नको.

४. आता ग्रिप प्लायर घट्ट आवळून फिरवा. थोडं सोडा, थोडं परत आवळा, पुन्हा सोडा. एकाच दिशेला ओढत राहिलात तर उरलेला तुकडाही तुटेल.

हेही जमलं नाही, तर बोल्टवर नट बसवून तो आतून वेल्ड करतात. वेल्डिंगची उष्णता थेट बोल्टमध्ये जाते, शिवाय पाना लावायला नवं डोकं मिळतं. वेल्डिंगआधी बॅटरीची तार काढायला विसरू नका.

बोल्ट आतच तुटला असेल तर

इथे ड्रिल करावं लागतं, आणि खरा धोका इथेच असतो. अ‍ॅल्युमिनियम स्टीलपेक्षा मऊ असल्यामुळे ड्रिल जरा जरी बाजूला सरकलं, तर ते बोल्ट सोडून इंजिनच कापायला लागतं. म्हणून आधी वरचा भाग कानशीने सपाट करा, बरोबर मध्यावर पंच मारा, मग अडीच-तीन मिलिमीटरच्या ड्रिलने तेल टाकत सावकाश भोक पाडा. डोळ्यांवर गॉगल हवाच. उलट्या दिशेने कापणारं ड्रिल मिळालं तर उत्तम, कधीकधी ते भोक पाडता पाडताच बोल्ट बाहेर आणतं.

इझी-आउट मात्र जपून. ते फार कडक आणि ठिसूळ स्टीलचं असतं. आत तुटलं, तर साधं ड्रिल त्याला कापू शकत नाही. मी ते पेटीतून काढलंही होतं. शेजारचे मेकॅनिक काका म्हणाले, "ते ठेव आधी. आत्ता दोनशे रुपयांचं काम आहे, ते मोडलं तर हेड उतरवावं लागेल."

आटे खराब झालेच, तर भोक थोडं मोठं करून त्यात तारेच्या गुंडाळीसारखे नवे आटे बसवता येतात. हे काम लेथवाल्याकडे द्या. ब्रेक, स्टीअरिंग किंवा सस्पेन्शनचा बोल्ट तुटला असेल, तर घरी प्रयोग न करता गाडी उचलून गॅरेजला न्या.

माझ्या बोल्टचं काय झालं?

त्या रात्री तेल मारून ठेवलं आणि पहाटे आईला घेऊन एसटीने कोल्हापूरला गेलो. आंबा घाटात आई म्हणाली, "बरं झालं, गाडी इथे तापली असती तर?" खरंच होतं ते.

संध्याकाळी परत आल्यावर काकांनी नट वेल्ड केला. तो गार होऊ दिला, तेल टाकलं, पाना मागेपुढे केला. पाचव्या-सहाव्या झटक्याला बोल्ट कुरकुरत निघाला. आटे टॅपने साफ केले, नव्या बोल्टला थोडं अँटी-सीझ लावलं आणि आधी हातानेच आत फिरवला. शेवटी छोट्या पान्याने बेताचा आवळला. पाइप त्याच दिवशी माळ्यावर टाकला.

पुढच्या वेळी बोल्ट हलला नाही, तर लांब पाइप शोधायला जाऊ नका. तेल मारा आणि चहा घेऊन या.