टोकन रिंग जाळ्यांची सुरक्षितता : एक विवेचन

स्थानिक संगणक जाळ्यांच्या इतिहासात टोकन रिंगचे स्थान महत्त्वाचे आहे. आयबीएमच्या झुरिच येथील प्रयोगशाळेत विकसित झालेली ही पद्धती १९८५ मध्ये आयईईई ८०२.५ या मानकाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. पुढे इथरनेटने तिला मागे टाकले. तथापि शिस्त आणि सुरक्षितता यांतील भेद समजून घेण्यासाठी तिचा अभ्यास आजही उपयुक्त आहे.

पूर्वी एकेरी रेल्वेमार्गावर चालकाजवळ गोळा असल्याखेरीज गाडी पुढे जात नसे. त्याचप्रमाणे वलयात फिरणारे २४ बिटांचे टोकन ज्या संगणकाच्या हाती येते, त्यालाच संदेश धाडता येतो. मात्र टोकन केवळ पाळी ठरवते. पाठवणारा कोण, याची ते चौकशी करीत नाही.

प्रत्येक संदेश वलयातील सर्व संगणकांमधून फिरून प्रेषकाकडे परततो. सामान्य कार्ड दुसऱ्याचा संदेश नुसता पुढे ढकलते. पण देखरेखीसाठी बनविलेले कार्ड तो उतरवूनही घेऊ शकते. मग वेतनपत्रक काय नि परवलीचा शब्द काय, सांकेतिक लिपीत नसेल तर सारेच उघडे. मूळ ग्राहक संदेशाच्या शेवटी ‘पत्ता ओळखला’ व ‘प्रत घेतली’ अशा खुणा करतो. चोरून वाचणारा अशी खूण करीत नाही. शिवाय या खुणा त्रुटी-तपासणीच्या कक्षेबाहेर असल्याने पुरावा म्हणून त्या दुबळ्याच ठरतात.

याहून गंभीर प्रश्न नियंत्रण-संदेशांचा आहे. तुटलेल्या वलयाची वर्दी देणारा ‘बीकन’ संदेश एखादे कार्ड सतत पाठवू लागले, तर नेहमीची वाहतूकच थांबते. आयबीएमच्या रचनेत एखाद्या संगणकाला वलयाबाहेर काढण्याचा आदेशही आहे. व्यवस्थापकाला तो वरदान. पण आदेश देणाऱ्याची ओळख पटवणारी कोणतीही सांकेतिक तजवीज त्यात नाही. कार्डाचा पत्ताही बदलता येतो. प्रवेशाच्या वेळी पत्त्याची द्विरुक्ती तपासली जाते खरी, परंतु मूळ संगणक बंद असेल तर तोतया सहज खपून जातो.

यास्तव संदेशांचे सांकेतिकीकरण वरच्या स्तरावरच करावे लागे. दुसरा उपाय अगदी साधा होता. वलयाचे जोडपेटीतले रिले कार्डाकडून आलेल्या अल्पशा विद्युत्प्रवाहाने उघडत. म्हणजे रिकाम्या खोलीतील जोडणीत कार्ड लावणारा कोणीही वलयाचा सभासद होई. त्यामुळे न वापरलेल्या जोडण्या सोडवून ठेवणे आणि जोडपेटीच्या कपाटाला कुलूप घालणे आवश्यक ठरे.