शनवार तेल्यांचे सणवार

धर्मग्रंथ हाताशी नाही, शिकवायला कोणी गुरू नाही, प्रार्थनेची भाषाही विसरली गेली. तरी सण चुकला नाही. हे होऊ शकते का? मंडळी, आपल्याच महाराष्ट्रात, कुलाबा म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात, असे घडले आहे. तिथल्या गावांत एक समाज पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत असे. शुक्रवारी दिवस मावळला की घाण्याचा बैल सुटायचा, तो शनिवारी संध्याकाळपर्यंत जुंपायचा नाही. गावकऱ्यांनी त्यांना नाव दिले शनवार तेली. ते स्वतःला म्हणवतात बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलची लेकरे. हे आपले मराठी बोलणारे यहुदी.

त्यांची आडनावे ऐका: किहीमचे केहीमकर, दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. पूर्वजांचे जहाज कोकणच्या किनाऱ्यावर फुटले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, आणि त्यांचा हा विस्तार, अशी त्यांची परंपरा सांगते. अलिबागजवळच्या नवगावला त्या बुडालेल्यांच्या कबरी दाखवतात. ग्रंथ समुद्राने नेले. उरले काय? शनिवारची विश्रांती, आठव्या दिवशी मुलाची सुंता, देव एकच आहे असे सांगणारी ‘शेमा’ नावाची लहानशी प्रार्थना, खाण्यापिण्याचे नियम, आणि सण.

खाण्याच्या नियमांवरून एक गोष्ट सांगतात. दावीद राहाबी नावाचा एक यहुदी विद्वान कोकणात आला. हे लोक खरेच आपले का, याची त्याला खात्री करून घ्यायची होती. त्याने घरातल्या बायकांना मिसळीची मासळी रांधायला दिली. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे ठेवले, बाकीचे बाजूला काढले. बायबलात नेमका हाच नियम आहे. राहाबी कधी आला यावर पंडितांचे वाद आहेत, ते आपण पंडितांवर सोपवू. पण परीक्षा घेतली ती स्वयंपाकघरात, हे मला फार मार्मिक वाटते.

आता सणांकडे वळू. या समाजातले शिक्षणतज्ज्ञ हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी गेल्याच्या गेल्या शतकात आपल्या लोकांचा इतिहास लिहिला. तो छापून निघाला 1937 साली, त्यांच्या मागे. त्यांनी नोंदलेल्या सणांच्या नावांत एकही नाव हिब्रू वाटत नाही. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, शिळा सण, होळीचा सण, अनशी ढाकाचा सण, बिरड्याचा सण. ग्रंथ सण कशासाठी ते सांगतो. ही नावे त्या दिवशी घरात काय करायचे ते सांगतात.

नव्याचा सण म्हणजे यहुदी वर्षाचा पहिला दिवस, हिब्रूत रोश हशाना. त्यानंतर थोड्याच दिवसांत नव्या धान्याची नारळाच्या दुधातली खीर, म्हणून खिरीचा सण. दहाव्या दिवशी दारफळणी. या दिवशी हिब्रू परंपरेत योम किप्पूर असतो: वर्षभराच्या पापांची क्षमा मागायची, आदल्या सूर्यास्तापासून दुसऱ्या रात्रीपर्यंत अन्नपाणी वर्ज्य. कोकणातले बेने इस्राएल पांढरी वस्त्रे नेसून दार लावून घरात बसत, बाहेरच्या कोणाशी बोलत नसत. ग्रंथातला शब्द गेला होता, पण दाराला फळी लावायची हे हातांना ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी दार उघडायचे, दानधर्म करायचा, सोयऱ्यांकडे जायचे. तो शिळा सण.

बिरड्याचा सण दुःखाचा. यरुशलेमचे मंदिर दोनदा पडले, इसवी सनापूर्वी 586 मध्ये आणि इसवी सन 70 मध्ये. त्या शोकाचा उपवास आव महिन्याच्या नवमीला येतो. त्याआधीचे दिवस मांस वर्ज्य, म्हणून वालाचे बिरडे. मोड आलेल्या वालांवरून हा सण ओळखला जाई, आणि बहुतेक वर्षी तो येई श्रावणात, शेजारचे आगरी-कोळीही सामिष सोडून बिरडेच रांधत त्या दिवसांत.

इथे शिक्षक बंधुभगिनींसाठी थोडे गणित. यहुदी महिना आपल्यासारखाच चंद्राचा. चंद्राचे बारा महिने सूर्याच्या वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी कमी भरतात, म्हणून तेही आपल्यासारखा अधिक महिना धरतात: एकोणीस वर्षांत सात. फरक इतकाच, की आपला अधिक मास सूर्याच्या संक्रांतीवरून ठरतो आणि तो वेगवेगळ्या महिन्यांत येतो. त्यांचा मात्र ठरलेला, अदार हा महिनाच दोनदा येतो. त्यामुळे तिथी बहुधा जुळतात, एखाद्या वर्षी महिना मागेपुढे होतो. 2024 सालचे पंचांग काढून बघा. 3 ऑक्टोबरला आपली घटस्थापना आणि त्यांचा नव्याचा सण. 12 ऑक्टोबरला आपला दसरा आणि त्यांची दारफळणी. 24 मार्चला आपली होळी, त्याच दिवशी त्यांचा पुरीम, एस्तेर राणीने आपल्या लोकांचा जीव वाचवला त्याचा उत्सव. कोकणात त्याला होळीचा सण म्हणत यात नवल ते काय! पण 2023 साली आपला अधिक श्रावण आला आणि नव्याचा सण गणपती बसण्याच्या तीन दिवस आधीच होऊन गेला. वर्गात फळ्यावर दोन रकाने आखून मुलांकडून हे मांडून घेता येईल. यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, एवढे ध्यानात ठेवा, नाहीतर एका दिवसाचा घोळ होतो.

सर्वांत मोठा सण वल्हांडण, हिब्रूत पेसाख. मिसर देशातल्या गुलामीतून सुटका झाली, निघण्याची इतकी घाई की पीठ आंबायलाही वेळ मिळाला नाही, त्याची ही आठवण. चैत्री पौर्णिमेच्या सुमाराला आठ दिवस आंबवलेले काही खायचे नाही, घरात ठेवायचेही नाही. कोकणातल्या घरी अनस नावाच्या मडक्यात आंबट कालवण साठवलेले असे. सणाला ते झाकून ठेवायचे, म्हणून अनशी ढाकाचा सण. आपल्या जेऊरकडची माणसे म्हणतील, आमची भाकरी कुठे आंबवलेली असते? खरे आहे. पण त्यांचा नियम फार कडक. सणाची बेखमीर भाकर गहू, जव अशा ठराविक धान्यांचीच लागते, ज्वारी त्यांत बसत नाही. आणि पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत ती भाजून निघाली पाहिजे. मळून झाकून ठेवलेला गोळा चालायचा नाही. सणाआधी घराला चुना लावायचा, तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करायची. द्राक्षारसाऐवजी काळे मनुके भिजवून त्यांचे सरबत करायचे, खजूर शिजवून त्याचा दाट पाक करायचा. मग रात्री सगळे घर एकत्र बसते, सर्वांत धाकटे मूल विचारते की आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का, आणि थोरली माणसे सुटकेची सगळी कथा सांगतात.

ही कथा सांगायचे पुस्तक म्हणजे हगादा. ते हिब्रू आणि मराठीत मुंबईला 1846 मध्ये आणि पुण्याला 1874 मध्ये छापले गेले. म्हणजे हरवलेला ग्रंथ परत आला, आणि आला तो मराठी बोट धरून. यात कोचीनच्या यहुदी शिक्षकांचा वाटा आहे, तसा ख्रिस्ती मिशनऱ्यांचाही. जॉन विल्सन 1829 साली मुंबईत आले. त्यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. हेतू उघड होता, हे लोक ख्रिस्ती व्हावेत. बेने इस्राएलांनी व्याकरण घेतले, शाळेचा लाभ घेतला, आणि बहुतेक सारे आपल्या धर्मात आणखी घट्ट झाले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी मराठी कीर्तनही उचलले. बुवा उभे राहायचे, साकी-दिंडी म्हणायचे, आख्यान मात्र मोशेचे किंवा योसेफाचे.

ग्रंथ आल्यावर काही सण नव्याने शिकावे लागले. हनुक्का हा दिव्यांचा सण कोकणात कोणाला माहीत नव्हता. तो सुरू झाला इसवी सनापूर्वी 164 मध्ये. आमचे पूर्वज त्याआधीच निघाले होते, असे समाजातले लोक त्यावरून सांगतात. मांडवांचा सणही आता ग्रंथाप्रमाणे होतो. आश्विनी पौर्णिमेच्या सुमाराला, म्हणजे सोलापूरकर कोजागरीला तुळजापूरची वाट धरतात त्या दिवसांत, प्रार्थनामंदिराच्या अंगणात झावळ्यांचा मांडव घालतात, आत फळे टांगतात. रानात कसे राहिलो याची ती आठवण. आपल्याकडे ऊसतोडणीवाल्यांची कोपी असते ना, साधारण तसाच. छप्पर झाडापाल्याचेच हवे आणि त्यातून चांदणी दिसली पाहिजे.

पण जुनी मराठी नावे या उजळणीत मागे पडली, हेही खरे. आज बेने इस्राएल घरात योम किप्पूर म्हणतात. दारफळणी हा शब्द म्हाताऱ्या माणसांना आठवला तर आठवला. ग्रंथ मिळाला याचा आनंद आहेच, पण ज्या शब्दांनी ग्रंथाविना इतकी वर्षे काढून दिली ते शालेय पुस्तकात कुठेतरी यायला हवेत, असे मला वाटते.

दुसरी अडचण माणसांची. सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. मुंबईत सॅम्युएल दिवेकरांनी 1796 मध्ये पहिले प्रार्थनामंदिर बांधले. हे लोक त्याला मशीदच म्हणत, आणि जवळच्या मशीद बंदर स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. पुढे रेल्वे, टपाल, पलटण यांच्या नोकऱ्यांनी समाज घाटावर पसरला, आणि 1948 नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. तिथेही काहींनी त्यांच्या यहुदीपणावर शंका घेतली. 1964 मध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे ठरावाने मान्य केले. इथे महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. पण दर्जा मिळाला म्हणून दहावा माणूस मिळत नाही. कोकणातल्या प्रार्थनामंदिरांत सणाला मुंबईहून माणसे येतात तेव्हा कुठे संख्या भरते.

घरातल्या सणाला ही अट नाही. त्यातला एक विधी तर या समाजाचा खास आपला, मलिद्याचा. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, सुकामेवा, भोवती फळे. लग्न ठरले, नवस फिटला, नवे घर झाले, की एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, याचे नाव घेऊन प्रत्येक फळावर आशीर्वाद म्हणतात आणि प्रसाद वाटतात. अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे. एलियाचा रथ तिथे टेकला अशी श्रद्धा आहे. यहुद्यांच्या समजुतीप्रमाणे मसीहा येण्याआधी एलिया येणार आहे. ख्रिस्ती मंडळींच्या मते मसीहा येऊन गेला, आणि येशूला मसीहा मानणारे काही जण जगात ठिकठिकाणी हेच वल्हांडण, हेच मांडव त्याच्या नावाने पाळतात. बेने इस्राएल अजून वाट पाहतात. माघातल्या पौर्णिमेला, अधिक महिन्याच्या वर्षी पौषात, खंडाळ्याच्या त्या खडकापाशी माणसे जमतात, पोह्यांचे ताट भरले जाते, आणि इस्राएलहून माहेरी आलेली मंडळीही तेवढ्यासाठी वाट वाकडी करून तिथे जातात.