नवीन गाडी कशी दिसेल? अंदाज ऐका, पण पैसे मापावर लावा



कार ॲक्सेसरीजचं दुकान टाकलेले किंवा टाकायच्या विचारात असलेले बरेच जण एकच प्रश्न विचारतात. "सर, अमुक गाडीचं नवीन मॉडेल येतंय. टेस्टिंगचे फोटो फिरतायत. होलसेलर म्हणतो आत्ताच माल उचला, लाँच झाल्यावर रेट वाढेल. उचलू का?"

प्रश्न छोटा वाटतो, पण यात तुमचं भांडवल अडकतं. म्हणून आज नीट समजून घेऊया की हे अंदाज तयार कसे होतात, त्यातलं किती खरं ठरतं आणि दुकानदाराने त्यातून काय घ्यायचं.

चर्चा सुरू कशी होते?

कंपनी नवीन गाडी रस्त्यावर टेस्टिंगला काढते तेव्हा तिला काळ्या-पांढऱ्या नक्षीचं स्टिकर गुंडाळलेलं असतं. चाकण, पिंपरी भागात राहणाऱ्यांनी अशा गाड्या पाहिल्याच असतील. नक्षीमुळे पत्र्यावरच्या रेषा आणि वळणं डोळ्याला कळत नाहीत. कधी आतून फोम किंवा प्लॅस्टिकचे जादा तुकडे लावतात, कधी तात्पुरते दिवे बसवतात.

हे करायची दोन कारणं. एक, स्पर्धक कंपनीला डिझाइन कळू नये. दुसरं, आपल्यासाठी महत्त्वाचं: नवीन गाडी सुंदर आहे असं लोकांना आधीच कळलं, तर शोरूममध्ये उभी असलेली जुनी गाडी कोण घेणार?

मग कोणीतरी फोटो काढतो. त्या फोटोवरून चित्रकार कॉम्प्युटरवर "गाडी अशी दिसेल" असं चित्र बनवतो. चार दिवसांत लोक ते चित्र आहे हे विसरतात आणि तीच गाडी समजू लागतात. गडबड इथे सुरू होते.

थार रॉक्सचं उदाहरण

महिंद्राची तीन दरवाजांची नवी थार १५ ऑगस्ट २०२० ला लोकांसमोर आली. त्यानंतर गाडीवेड्यांना वेध लागले पाच दरवाजांच्या थारचे. दोनेक वर्षं टेस्टिंगचे फोटो येत राहिले आणि वाद रंगले. पुढची जाळी कशी असेल? दिवे गोल राहतील का? नाव काय ठेवतील?

नावाचंच घ्या. 'थार आर्मडा' हे नाव इतकं पसरलं होतं की ते पक्कंच आहे असं लोक धरून चालले. जुलै २०२४ मध्ये कंपनीने नाव जाहीर केलं 'थार रॉक्स'. समजा, एखाद्याने त्याआधीच 'आर्मडा' लिहिलेले दोनशे स्टिकर छापून ठेवले असते, तर? ते रद्दीतच गेले असते.

१४ ऑगस्ट २०२४ ला गाडी आली. पुढे सहा खाचांची जाळी, गोल दिवे आणि त्यात इंग्रजी 'सी' सारखी प्रकाशाची रेघ. काहींचे अंदाज बरोबर आले, काहींचे चुकले. गाडीवेड्याचा अंदाज चुकला तर मित्र दोन दिवस चिडवतात, विषय संपतो. दुकानदाराचा चुकला तर माल पडून राहतो.

नक्षी कातडी लपवते, हाडं नाही

टेस्टिंगच्या फोटोतून काय पक्कं समजतं? दरवाजे किती, स्टेपनी मागच्या दाराला आहे की खाली, गाडी जुन्यापेक्षा लांब आहे की नाही. हे लपवता येत नाही.

काय समजत नाही? बंपरची वळणं, जाळी, दिव्यांची नक्की कड, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मिलिमीटरमधलं माप. आपला धंदा तर मिलिमीटरवर चालतो. तीन दरवाजांच्या थारच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २,४५० मिमी, रॉक्सचं २,८५० मिमी. गाडी "लांब आहे" हे फोटोत दिसत होतं, पण "लांब आहे" या माहितीवर मॅट कापता येत नाही.

आता उलटं उदाहरण बघा. तीन दरवाजांच्या थारच्या वरच्या मॉडेलला २५५/६५ आर १८ टायर येतो. रॉक्सच्या खालच्या मॉडेलला तोच, वरच्या मॉडेलला २५५/६० आर १९. रिम एक इंचाने मोठी, पण टायरची जाडी कमी. हिशेब केला तर दोन्ही टायरचा बाहेरचा व्यास साधारण ७८९ मिमीच भरतो! म्हणजे स्टेपनी कव्हरसारखी वस्तू गाडीचा चेहरा बदलला तरी मापाने जवळपास तीच राहते. तरीही मागचा कॅमेरा कुठे येतो ते गाडी बघूनच ठरवायचं.

चर्चा बाहेरची, कमाई आतली

गाडीवेडे बोलतात चेहऱ्याबद्दल. आपलं गिऱ्हाईक मात्र बऱ्याचदा पहिला खर्च करतं आतल्या भागावर: सीट कव्हर आणि मॅट. आणि टेस्टिंगच्या फोटोत सगळ्यात कमी दिसतो तो आतलाच भाग.

रॉक्समध्ये आतून फिकट पांढरट सीट आल्या. लगेच लोक म्हणायला लागले, "आपल्याकडच्या धुळीत या किती दिवस टिकणार?" पुढे कंपनीनेच फोर बाय फोर मॉडेलमध्ये तपकिरी रंगाचा पर्याय दिला. म्हणजे लाँच झाल्यावरही रंग बदलू शकतो. त्याआधीच एका रंगाचे सीट कव्हर भरून ठेवणारा कुठे राहिला असता, विचार करा.

अजून एक गोष्ट. रॉक्सला सर्व मॉडेलमध्ये सहा एअरबॅग आहेत. बाजूची एअरबॅग पुढच्या सीटच्या कडेतून उघडते. जुन्या पद्धतीचं घट्ट सीट कव्हर चढवलं तर अपघाताच्या वेळी ती अडू शकते. इथे प्रश्न फक्त तुमच्या नफ्याचा राहत नाही, गिऱ्हाइकाच्या जिवाचा होतो. एअरबॅगच्या जागी उसवणारी शिलाई असलेलंच कव्हर विका.

आता हिशेब मांडू

समजा, मॅटचा एक सेट २,००० रुपयांना पडतो आणि तुम्ही लाँचआधी २० सेट उचलता. गुंतवणूक ४०,०००. माप चुकलं आणि माल निम्म्या किमतीत काढावा लागला, तर तोटा २०,०००. एका सेटमागे ८०० रुपये सुटत असतील तर हा खड्डा भरायला २५ सेट विकावे लागतील.

आणि थांबलात तर? समजा, होलसेलरने खरंच सेटमागे २०० रुपये वाढवले. २० सेटचे जादा ४,००० जातील. म्हणजे ४,००० वाचवायला तुम्ही २०,००० पणाला लावताय. हा व्यवहार पटतो का?

बुकिंग म्हणजे दारातलं गिऱ्हाईक नाही

३ ऑक्टोबर २०२४ ला रॉक्सचं बुकिंग उघडलं आणि पहिल्या एका तासात १,७६,२१८ बुकिंग झाल्याचं कंपनीने सांगितलं. आकडा ऐकून कुणालाही हुरूप येईल. पण ॲक्सेसरीज घेतं ते हातात चावी आलेलं गिऱ्हाईक, आणि चावी मिळायला काही आठवडे किंवा महिने लागू शकतात. तुमच्या तालुक्यात महिन्याला किती गाड्यांची डिलिव्हरी होणार, हा तुमचा आकडा. तो जवळच्या शोरूममध्ये विचारला की अंदाज येतो.

मग नेमकं काय करायचं?

१. चर्चा जरूर ऐका, पण मागणी समजून घेण्यासाठी. लोक कशाची वाट बघतायत, कशाला नावं ठेवतायत, ते वहीत लिहा. पांढऱ्या सीटची तक्रार म्हणजे तुमच्यासाठी सीट कव्हरची मागणीच.

२. लाँचआधी फक्त कुठल्याही गाडीला चालणारा माल घ्या: मोबाईल होल्डर, टायर इन्फ्लेटर, परफ्यूम, सफाईचं सामान. मॉडेल बदललं तरी हा अडकत नाही.

३. गाडी शोरूमला आली की टेप घेऊन जा, परवानगी घेऊन माप घ्या. मग दोन-तीन सेट मागवा आणि पहिल्या गिऱ्हाइकाच्या गाडीत बसवून बघा.

४. होलसेलर आधी माल देतोच म्हणाला तर एक अट घाला: "माप बसलं नाही तर माल परत." लेखी घ्या, निदान मेसेजवर तरी. तो नाही म्हणाला, तर त्यालाही मापाची खात्री नाही असं समजा.

५. जुन्या मॉडेलचा माल फेकू नका. जुन्या गाड्या रस्त्यावर अजून कित्येक वर्षं धावणार आहेत.

हाच नियम मोबाईल कव्हरवाल्यांना लागतो, नवीन मॉडेलच्या स्कूटरचे पार्ट ठेवणाऱ्यांनाही लागतो. वस्तू कशी दिसेल याची पैज लावणं हा हौशी लोकांचा आनंद आहे, त्यात तुम्हीही भाग घ्या. फक्त गल्ल्यातले पैसे त्या पैजेत घालू नका.

तुमच्या दुकानात सध्या कुठल्या मॉडेलचा माल पडून आहे? आज संध्याकाळी शटर ओढायच्या आधी त्याची एक यादी करा. किती रुपये अडकलेत ते कळलं की पुढची ऑर्डर देताना हात आपोआप सावध होईल.