हेलिकॉप्टर आलं की गाडी सुरू करायची

देहरादूनच्या चक्राता रोडवर पंडितवाडी आणि प्रेमनगरच्या मधे इंडियन मिलिटरी अकॅडमी आहे. वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये, बहुधा दुसऱ्या शनिवारी तिथे पासिंग आउट परेड होते. त्या सकाळी हमरस्त्यावरची वाहतूक वळवलेली असते आणि प्रेमनगरच्या बाजूच्या एका गल्लीतली चहाची टपरी ड्रायव्हरांनी भरून जाते. मी त्या टपरीवर बसते. या परेडसाठी पुण्याहून कुटुंबं पाठवायला लागून मला वीस वर्षं होत आली, पण परेड मी एकदाही पाहिलेली नाही. पास आई-वडिलांना असतो, प्रवास ठरवणाऱ्या बाईला नसतो.

आत काय चाललंय ते आम्हाला कानांनी कळतं. बँडची चाल संथ झाली की ड्रायव्हर म्हणतात, "अंतिम पग." म्हणजे कॅडेट चेटवूड इमारतीच्या पायऱ्या चढून आत निघाले. मग वर हेलिकॉप्टर येतं, फुलं टाकतं. ते दिसलं की चहा अर्धा ठेवून उठायचं आणि गाडी सावलीत आणून एसी लावायचा. कारण त्यानंतर हिरवळीवर आई-वडील मुलाच्या खांद्यावर तारे चढवतात, आणि तिथून बाहेर येणारं कुटुंब रडून, हसून, उन्हात उभं राहून पार थकलेलं असतं. ही खूण मला आमच्या गढवाली ड्रायव्हरनं शिकवली. त्याला मी भैजी म्हणते, तोही मला दीदी म्हणतो.

महाराष्ट्रातून देहरादूनला जाणारी बहुतेक मंडळी मसुरीसाठी जातात आणि देहरादूनला फक्त रात्र काढतात. माझी गिऱ्हाइकं उलटी. सातारची सैनिक स्कूल 1961 सालची, देशातली पहिली. छत्रपती संभाजीनगरची एसपीआय, म्हणजे सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट, 1977 पासूनची. तिथली पोरं एनडीएत जातात, तीन वर्षं खडकवासल्याला काढतात, मग एक वर्ष देहरादून. गंमत म्हणजे ही एनडीए मुळात देहरादूनचीच. 1949 मध्ये क्लेमेंट टाउनला जॉइंट सर्व्हिसेस विंग म्हणून सुरू झाली आणि 1955 च्या सुमाराला खडकवासल्याच्या पाण्याकाठी आली. म्हणजे संस्था उत्तरेकडून आमच्याकडे आली, आणि आम्ही दर सहा महिन्यांनी पालकांना उलट दिशेनं नेतो.

पालक पहिल्या फोनवर थंडीचं विचारतात. "बर्फ असेल ना?" देहरादून समुद्रसपाटीपासून साधारण 640 मीटरवर आहे, पुणे 560 वर. ऐंशी मीटरांत बर्फ कुठून आणणार? मसुरी मात्र दोन हजार मीटरवर आहे, आणि मधलं अंतर फक्त पस्तीस किलोमीटर. म्हणजे डोंगर हा अंगावर आल्यासारखा चढतो. मग मी आलेपाक, आमसुलं आणि सकाळी तळलेलं न खाण्याची सूचना पाठवते. सूचना कोणी वाचत नाही. कोल्हूखेतच्या पुढे किमान एक गाडी थांबतेच.

तीनेक वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त सुभेदारांचं काम माझ्याकडे आलं. मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी झालेली, मुलगा डिसेंबरला लेफ्टनंट होणार. तेव्हा रेल्वेचं आरक्षण एकशेवीस दिवस आधी उघडायचं, त्यामुळे डिसेंबरची तिकिटं ऑगस्टमध्ये काढली. (आता साठ दिवसांचा नियम आहे. म्हणजे डिसेंबरचं आरक्षण ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या आगेमागे, जेव्हा आमच्या ऑफिसात फराळाचे डबे उघडे आणि संगणक बंद असतात.) नऊ पॅक्स: आई, वडील, आजी, धाकटी बहीण, मामा, आणि मुंबईचे काका-काकू दोन मुलांसह.

कुठल्याही कुटुंबाची खरी कुंडली रूमिंग लिस्टमध्ये असते. कोण कोणाबरोबर झोपणार नाही, हे तिथे कळतं. आजी पहाटे चारला उठून स्तोत्रं म्हणतात, म्हणून काकूंना त्यांच्या मजल्यावरही नको. मामा घोरतात. आईंनी फक्त एक अट घातली, "आत्यांना खालच्या मजल्यावर खोली द्या, कमोड बघा." सासू ही सख्खी आत्या निघाली. यादी तीनदा बदलली. हॉटेलवाल्यानं शेवटी विचारलं, मॅडम, लग्न आहे का?

आयटिनररी मी मन लावून केली होती. शुक्रवारी सकाळी फॉरेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूट, 1929 ची ती लांबच लांब विटांची इमारत. तिथल्या लाकडाच्या संग्रहालयात सातशेहून जास्त वर्षं जगलेल्या देवदाराचा काप आहे, वर्षावलयांसकट. तो पाहून आपल्याकडचे शेतकरी हटकून हात लावतात. मग सुभेदारांसाठी खलंगाचं स्मारक. 1814 साली नालापानीच्या किल्ल्यावर गुरख्यांनी इंग्रजांना थोपवलं, जनरल गिलेस्पी तिथे पडला. पुढे इंग्रजांनी आपल्या मेलेल्यांच्या स्तंभाशेजारी, किल्ला लढवणाऱ्या बलभद्राच्या गुरख्यांसाठीही स्तंभ उभारला. शत्रूचं स्मारक जवळ उभं करणारे लोक कमीच. शनिवारी परेड. रविवारी मसुरी, आणि संध्याकाळी लायब्ररी चौकाच्या बाजूनं विंटरलाइन.

विंटरलाइनवर माझा जीव आहे. ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत सूर्य मावळताना दूनच्या खोऱ्यावर धुळीच्या थरामुळे एक खोटं क्षितिज तयार होतं. सूर्य त्या रेघेमागे जातो, खऱ्या क्षितिजाच्या कितीतरी वर, आणि नारिंगी-जांभळा पट्टा उरतो. सुभेदारांना मी फोनवर हे इतकं रंगवून सांगितलं, की ते म्हणाले, "ताई, परेडपेक्षा तुमालाच जादा घाई दिसतीय."

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "ताई, ते डिसेंबरचं जूनला सरकवता येतंय का?"

मी तेव्हाही मुरलेली होते, म्हणजे असं मला वाटत होतं. मी रद्द करण्याचे नियम सांगायला लागले: हॉटेलचा आगाऊ भरणा, तिकिटामागची कपात, आणि जूनला मसुरीत पाय ठेवायला जागा नसते ते. ते ऐकून घेत राहिले. शेवटी म्हणाले, "कापा जे कापायचं ते. पोरगं रेलिगेट झालंय."

रेलिगेट म्हणजे तुकडी सुटली. दुखापत झाली, एखादी चाचणी राहिली, की कॅडेट सहा महिने मागच्या बॅचला जोडला जातो. ज्यांच्याबरोबर चार वर्षं घाम गाळला, ते डिसेंबरला पायऱ्या चढून जातात आणि हा खाली राहतो. सुभेदार हे आयुष्यभर पाहिलेले. आईंना मात्र गावात काय सांगायचं, हा प्रश्न होता. ऑगस्टपासून आळीत पेढ्यांची चर्चा झालेली. त्या दिवसापासून मी तारीख बदलणाऱ्या पालकाला कारण विचारत नाही. फक्त "कोणत्या महिन्यात?" एवढंच.

(एकच वेळ होती, जेव्हा सगळ्यांनाच कारण माहीत होतं. जून 2020 ची परेड पालकांविना झाली. माझ्याकडे त्या वेळची सात कुटुंबांची बुकिंग होती. तारे दुसऱ्याच हातांनी खांद्यावर चढले.)

तर जून. डिसेंबरचा कागद मी पुन्हा काढला, त्यातून स्वेटर गेले, लिची आली. देहरादूनची लिची जूनला बाजारात असते. नोव्हेंबर 2000 मध्ये राज्याची राजधानी झाल्यापासून बागांच्या जागी इमारती उठल्यात, तरी पलटन बाजारात अजून डहाळीसकट जुड्या मिळतात. विंटरलाइनवर मी आडवी रेघ मारली. जूनला धूळ असते, ओळ नसते.

आणि शनिवारची दुपार मी रिकामी ठेवली. हे आमच्या धंद्यातलं गुपित. रिकामा वेळ आयटिनररीत रिकामा लिहायचा नसतो, गिऱ्हाईक पैसे परत मागतं. तिथे आम्ही "स्थानिक फेरफटका, खरेदी" असं लिहितो. सुभेदारांच्या नजरेतून ते सुटलं नाही. "दुपारी दोन ते सात फेरफटका? कुठं?" मी म्हटलं, बघाच.

त्या शनिवारी सकाळी काका माझ्याशेजारी टपरीवर होते, कारण पास सगळ्यांना पुरला नाही. मुंबईहून नवा सफारी सूट शिवून आलेले काका तोंड वाकडं करून मोबाइलवर परेडचं थेट प्रक्षेपण बघत बसले. मोबाइल अर्धा मिनिट मागे चालत होता. बँड आधी भिंतीपलीकडून ऐकू यायचा, मग काकांच्या हातातून. "हा बघा, हा आपला!" असं त्यांनी तिघांना उद्देशून म्हटलं, तिघेही वेगळे निघाले. मग हेलिकॉप्टर आलं. भैजी उठला.

मुलगा बाहेर आला तो दोन काळ्या ट्रंका, एक बिस्तरा आणि बुटांची पिशवी घेऊन. हे मी प्रत्येक पालकाला सांगते आणि प्रत्येक पालक विसरतो: जाताना नऊ, येताना दहा, शिवाय ट्रंका. म्हणून टेंपो ट्रॅव्हलर बारा सीटची नको, सतराची. आजींनी नातवाच्या खांद्यावरचे दोन तारे बोटानं दाबून पाहिले, घट्ट बसलेत का ते. पदरात बांधून आणलेला खरवस जूनच्या उन्हात आंबला होता. तो भैजीनं गुपचूप मागच्या मागे नेला.

दुपारी दोनला हॉटेलात पोहोचल्यावर लेफ्टनंट साहेब बूट न काढता पलंगावर आडवे झाले आणि सात वाजेपर्यंत उठले नाहीत. सुभेदार खोलीबाहेर खुर्ची टाकून बसले. काकांची मुलं आरडाओरडा करत आली तर त्यांना हातानं थोपवलं. संध्याकाळी मला म्हणाले, "फेरफटका झाला."

रविवारी मसुरीला गेलो ते जायला नको होतं, असं आता वाटतं. देहरादूनहून मसुरीपर्यंतच्या पस्तीस किलोमीटरला साडेतीन तास लागले. किंक्रेगला पार्किंग भरलेलं. धबधब्याचा बेत मी परस्पर रद्द केला, काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. मॉल रोडवर भुट्टे खाऊन झाले, आजी एका बाकावर बसल्या. मुलाला सगळे "तो डोंगर बघ, हा डोंगर बघ" म्हणत होते. त्यानं वर्षभर पाठीवर ओझं घेऊन डोंगर पाहिलेले. त्याला बहीण काय शिकतेय, गोठ्यात म्हैस कोणती राहिली, हे ऐकायचं होतं. परतताना तो पुन्हा झोपला, डोकं मामांच्या खांद्यावर. मामा त्या दिवशी एकदाही घोरले नाहीत. झोपलेच नाहीत.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर सुभेदारांचा पुन्हा फोन. मुलगा तेव्हा दूर कुठल्यातरी चौकीवर, गावाचं नाव मी विचारलं नाही. म्हणाले, "ताई, तो डिसेंबरचा कागद हाय का अजून? ती रेघ बघायची राहिलीय."

कागद होता. मी तिघांचं बुकिंग केलं: ते, आई आणि आजी. रूमिंग लिस्ट एका फोनमध्ये झाली. दिल्लीच्या धुक्यात गाडी सहा तास अडकली, हरिद्वारच्या पुढे राजाजीच्या जंगलात हत्तींसाठी गाडी रांगत गेली, आजींना खिडकीतून हत्ती काही दिसला नाही. मसुरीत शांतता होती. भैजीनं त्यांना सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी कठड्यापाशी नेऊन उभं केलं आणि माझ्या फोनवर फोटो पाठवला. त्याला कॅमेरा सरळ धरता येत नाही. वरचं आकाश निम्मं कापलं गेलंय, रेघ एका कोपऱ्यात चिमटीएवढी, आणि मधोमध आजींची तपकिरी कानटोपी.