सायकल धोकादायक की रस्ता? वज्रेश्वरीच्या वाटेवरचे सहा गैरसमज

रविवारी पहाटे वज्रेश्वरीच्या रस्त्यावर दोन तऱ्हेचे सायकलवाले दिसतात. ठाणे, वसई-विरारकडून येणारे हौशी सायकलस्वार डोक्यावर हेल्मेट आणि मागे लुकलुकणारा लाल दिवा लावून गणेशपुरी-अकलोलीच्या गरम कुंडांपर्यंत जातात, चहा पितात आणि परततात. दुसरे इथलेच. ते वीटभट्टीवर, गोदामात किंवा शेतावर निघालेले असतात. कॅरिअरला डबा, हँडलला पिशवी, आणि दिवा बहुधा नसतोच.

वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी नवस फेडण्यासाठी वज्रेश्वरीचं देऊळ बांधलं, तो काळ 1739 नंतरचा. आज देवळाच्या पायथ्याचा रस्ता एका टोकाला शिरसाडजवळ मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो आणि दुसऱ्या टोकाला अंबाडीला भिवंडी-वाडा रस्त्याला. कंटेनर, खडीचे डंपर, भाविकांच्या गाड्या आणि सायकली असं सगळं त्याच डांबरावरून जातं. अशा रस्त्यावर सायकल चालवणं दिवसेंदिवस जास्त धोक्याचं होत चाललं आहे का? या प्रश्नाभोवती बरेच गैरसमज आहेत, आणि काही तर जिवावर बेतणारे आहेत.

गैरसमज 1 : मेलेल्यांचा आकडा वाढला, म्हणजे सायकलच जास्त धोकादायक झाली.

वस्तुस्थिती : केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालांनुसार देशात 2019 मध्ये 4,168 सायकलस्वार रस्ते अपघातांत मरण पावले, तर 2022 मध्ये 4,836. म्हणजे दिवसाला तेरा माणसं. वाढ सुमारे 16 टक्क्यांची. पण याच काळात रस्त्यावरचे एकूण मृत्यूही 1,51,113 वरून 1,68,491 वर गेले. एकूण मृतांमध्ये सायकलस्वारांचा वाटा तेव्हाही तीन टक्क्यांच्या आत होता, नंतरही तेवढाच राहिला. रस्ता सगळ्यांसाठीच जास्त जीवघेणा झाला आणि सायकलवाला त्या लाटेत सापडला, असा याचा अर्थ.

उलट बाजूचा गैरसमजही तितकाच चुकीचा आहे. ‘तीनच टक्के तर आहेत’ म्हणून निश्चिंत होता येत नाही. किती लोक किती किलोमीटर सायकल चालवतात, हे त्या आकड्याशेजारी मांडल्याशिवाय जोखीम कळत नाही. घाबरून चारातल्या दोघांनी सायकल सोडली आणि तरीही मृत्यू तेवढेच राहिले, तर उरलेल्या दोघांचा धोका दुप्पट झालेला असतो.

गैरसमज 2 : सायकलवाले मरतात ते स्वतःच्या चुकीनं.

वस्तुस्थिती : कुणी अचानक वळतो, कुणी हात न दाखवता रस्ता ओलांडतो, हे खरं आहे. पण 2022 च्या अहवालात रस्त्यावरच्या एकूण मृत्यूंपैकी 71 टक्क्यांच्या वर मृत्यू अतिवेगाच्या नावावर आहेत. सायकलचा सर्वसाधारण वेग ताशी 12 ते 15 किलोमीटर, त्यामुळे तो वेग तिचा नव्हे हे सांगायला नको. धडकेची ताकद वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. ताशी 30 ऐवजी 60 नं आलेली गाडी दुप्पट नव्हे, चौपट जोरानं आदळते. सायकलवाल्याची चूक आणि मोटारवाल्याची चूक यांची किंमत म्हणूनच सारखी नसते. सायकलवाला चुकला तर बंपरला चरा पडतो, मोटारवाला चुकला तर एका घरातला माणूस जातो.

गैरसमज 3 : उजव्या बाजूनं चालवावी, समोरची गाडी दिसते तरी.

वस्तुस्थिती : हा सल्ला पायी चालणाऱ्याला लागू आहे, सायकलवाल्याला नाही. समजा गाडी ताशी 60 नं येते आहे आणि सायकल 15 नं जाते आहे. समोरासमोर असाल तर दोन्ही वेगांची बेरीज होते, 75. पन्नास मीटरचं अंतर अडीच सेकंदांच्या आत संपतं. डाव्या बाजूनं, गाडीच्या दिशेनंच जात असाल तर वजाबाकी होते, 45. तेच अंतर मिटायला चार सेकंद लागतात. त्या दीड सेकंदात चालकाला ब्रेक दाबता येतो, गाडी वळवता येते. शिवाय गल्लीतून बाहेर पडणारा चालक आधी उजवीकडे बघतो. उलट्या दिशेनं आलेली सायकल त्याच्या ध्यानीमनीही नसते.

डावीकडून जाताना अगदी काठाला चिकटण्याचीही सवय सोडायला हवी. पावसाळ्यानंतर साइडपट्टी खचलेली असते आणि डांबर आणि माती यांत वीतभर खाच पडलेली असते. चाक तिथून घसरलं की माणूस पडतो तो गाड्यांच्या बाजूला. काठापासून दोन-तीन फूट आत, सरळ रेषेत चालवलेली सायकल मागच्याला दिसते आणि तिचा अंदाजही बांधता येतो.

गैरसमज 4 : रस्ता रुंद, सरळ आणि गुळगुळीत झाला की अपघात थांबतील.

वस्तुस्थिती : खड्डे बुजवलेच पाहिजेत. खड्डा चुकवताना सायकल डंपरच्या वाटेत येते, हे भिवंडी-वाडा रस्त्यावर जाणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. पण 2022 मध्ये देशातले सुमारे दोन तृतीयांश अपघात सरळ रस्त्यांवरच झाले. चांगल्या रस्त्यावर वेग वाढतो. वेग रोखण्याची आणि सायकलीला वेगळी जागा देण्याची सोय नसेल तर नवा काँक्रीटचा रस्ता जुन्यापेक्षा जास्त घातक ठरू शकतो.

नवी मुंबईतला पाम बीच रस्ता रुंद आहे, गुळगुळीत आहे. 28 फेब्रुवारी 2024 च्या पहाटे नेरूळजवळ तिथंच इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी यांच्या सायकलला एका कॅबनं मागून धडक दिली आणि त्यांचा मृत्यू झाला. ते अनुभवी होते, सोबत सायकलस्वारांचा गटही होता.

गैरसमज 5 : हेल्मेट घातलं की झालं.

वस्तुस्थिती : हेल्मेट जरूर घालावं. अनेक देशांतल्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण 2016 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात हेल्मेटमुळे डोक्याला गंभीर इजा होण्याची शक्यता जवळपास 70 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. पण हेल्मेट अपघात झाल्यावर कामी येतं, तो टाळत नाही. टाळण्यासाठी आधी दिसणं महत्त्वाचं.

संध्याकाळी सातच्या सुमाराला अंबाडीहून वज्रेश्वरीकडे येणारी एक काळी सायकल डोळ्यांसमोर आणा. दिवा नाही, मडगार्डवरचा लाल रिफ्लेक्टर कधीच फुटलेला, अंगात मळखाऊ शर्ट. मागून येणाऱ्या गाडीचा डिपरवरचा उजेड 30-40 मीटरपर्यंत पोचतो. ताशी 60 नं गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. चालकाला सायकल दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत 25 मीटर संपतात, गाडी थांबायला आणखी 20-25 मीटर लागतात. बेरीज उजेडापलीकडे जाते. लादलेल्या डंपरला तर याहून जास्त जागा लागते. मागे लाल दिवा आणि मडगार्डला चमकणाऱ्या पट्टीचा तुकडा असेल तर तीच सायकल कितीतरी लांबून दिसते. सायकलीला दिवा नसला की पूर्वी शहरांत दंड होत असे, तो उगाच नव्हता.

गैरसमज 6 : सायकलवाल्याचा विमा नसतो, त्यामुळे भरपाई मिळत नाही.

वस्तुस्थिती : या समजापायी कित्येक घरं हक्काच्या पैशाला मुकतात. मोटार वाहन कायद्यानं प्रत्येक गाडीला त्रयस्थ व्यक्तीचा विमा सक्तीचा केला आहे, आणि सायकलवाला हीच ती त्रयस्थ व्यक्ती. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात त्याला किंवा त्याच्या वारसांना दावा करता येतो. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तरी 1 एप्रिल 2022 पासून मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50 हजार रुपयांची तरतूद आहे. त्यासाठी अपघाताची पोलिसांत नोंद हवी. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्यालाही कायद्याचं संरक्षण आहे. 2025 मध्ये आलेल्या केंद्राच्या योजनेनुसार अपघातानंतर सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात.

मग सायकल सोडून द्यायची का? नेदरलँड्समध्ये 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला तीन हजारांवर माणसं रस्त्यावर मरत होती, त्यांत शेकडो मुलं होती. तिथल्या आईबापांनी मुलांना घरात ठेवलं नाही, ते रस्त्यावर उतरले. गाड्यांचा वेग कमी करायला लावला, सायकलींसाठी वेगळ्या वाटा मागून घेतल्या. रस्त्यावर सायकली वाढतात तसा एकेका सायकलस्वाराचा धोका कमी होतो, हेही पुढं अनेक ठिकाणच्या अभ्यासांत दिसलं. सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यानं मात्र स्कूटर आणि मोटारींपुढं सायकलीची जागा जाऊ दिली.

वज्रेश्वरीच्या पट्ट्यात सुरुवात लहान गोष्टींपासून होऊ शकते. शाळा, बाजार आणि देवळाच्या वळणाआधी गतिरोधक हवेत आणि त्यांवर ठळक पांढरे पट्टे हवेत. दर पावसाळ्यानंतर साइडपट्टी भरून घ्यायला हवी. हे ग्रामसभेच्या ठरावात लिहून सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे पाठवता येतं. रस्त्याच्या रचनेत सुरक्षेचे निकष न पाळल्यामुळे जीव गेला, तर जबाबदार यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हे 2019 च्या दुरुस्तीत आलेलं कलम 198अ त्या ठरावात जरूर नमूद करावं.

आणि ठरावाचं उत्तर येईपर्यंत, घरातून रोज कामावर किंवा शाळेत जाणाऱ्या सायकलीचं मागचं मडगार्ड आज संध्याकाळी एकदा बघा. तिथं लाल काही चमकत नसेल, तर उद्याच्या बाजाराच्या यादीत ते सगळ्यात वर लिहा.