सुवर्णकण गांठींत कसे सांचतात



सोनें म्हटलें कीं पिवळा रंग डोळ्यांपुढें येतो. परंतु मायकेल फॅरडे यांनीं १८५७ सालीं लंडनमध्यें सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यांत तरंगत ठेवले, तेव्हां तें पाणी माणकासारखें लाल दिसलें. असेच कण शिरेवाटे टोचून कर्करोगाच्या गांठीपर्यंत औषध नेण्याचे प्रयोग आज चालू आहेत. पोटांत घेण्याच्या सुवर्णभस्माशीं मात्र त्यांचा संबंध जोडूं नये.

अमेरिकेंतील एका चाचणीचें उदाहरण घेऊं. गांठीच्या रक्तवाहिन्या उद्ध्वस्त करणारें 'ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर' नांवाचें एक प्रथिन आहे. तें एकटेंच टोचलें तर रोग्याचा रक्तदाब धोक्याच्या पातळीपर्यंत उतरतो. म्हणून तें २७ नॅनोमीटर व्यासाच्या सुवर्णकणांवर बसविलें. असे अडीचशें कण ओळीनें मांडले तरी एका तांबड्या रक्तपेशीची रुंदी भरत नाहीं.

पण उघडा कण रक्तांत सोडला कीं तेथील प्रथिनें त्याला चिकटतात, आणि यकृतांतील भक्षक पेशी त्याला परका ओळखून गिळून टाकतात. यासाठीं त्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या लांब साखळ्यांचें आवरण चढवितात. या साखळ्या पाणी धरून ठेवतात, त्यामुळें प्रथिनांना चिकटावयास फारशी जागा उरत नाहीं. हें आवरण गांठीचें कुलूप उघडतें, असा पुष्कळांचा समज होतो. तो चुकीचा आहे. रक्ताबरोबर पुनःपुन्हां गांठीजवळून जाण्यास कणाला त्यानें सवड मिळते, इतकेंच.

मग तो गांठींत अडकतो कां? वेगानें वाढणारी गांठ आपल्या रक्तवाहिन्या घाईघाईनें, ओबडधोबड बांधते. भिंतींना फटी राहतात. आंत आलेलें वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्याही तेथें नीट काम करीत नाहींत. हें स्पष्टीकरण जपानमधील मात्सुमुरा व माएदा यांनीं १९८६ सालीं मांडलें. २०२० सालीं टोरॉंटोच्या संशोधकांनीं मात्र उंदरांवरील प्रयोगांवरून दाखविलें कीं, बहुतेक कण फटींतून न जातां भिंतीच्या पेशींतूनच पलीकडे नेले जातात.

पण पोंचतात किती? नाना प्रकारच्या सूक्ष्मकणांवरील दहा वर्षांचे प्रयोग २०१६ सालीं तपासले असतां मध्यम आंकडा शेंकडा ०.७ निघाला, म्हणजे हजारांतले सात! पुष्कळसे कण यकृत व प्लीहा यांतच जातात.

वरील चाचणीचा अहवाल २०१० सालीं प्रसिद्ध झाला. रोग्यांच्या गांठींत सुवर्णकण सांपडले, आणि पूर्वीच्या सुमारें तिप्पट औषध त्यांना सोसलें. गांठ आटल्याचें उदाहरण मात्र विरळाच.